लिंक उघडंना झालीय! केंद्राची शीट अडली तर काय तपासायचं, कोणत्या क्रमानं आणि कुठं थांबायचं

"मॅडम, लिंक उघडंना झालीय."

हे वाक्य मी 2020 पासून ऐकतेय. लॉकडाऊनमध्ये आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, माहिती कागदावरून गुगल शीटवर आली, केंद्रप्रमुख साहेबांनी ते काम माझ्याकडं दिलं, आणि तेव्हापासून कुठल्याही शाळेची शीट अडली की फोन मलाच येतो. बहुतेक वेळा माहिती द्यायच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी.

आमचं केंद्र बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. वाड्या, वस्त्या, तांडे आणि बऱ्याचशा द्विशिक्षकी शाळा. पटसंख्या, गणवेशाची मापं, पोषण आहाराचा हिशोब, चाचण्यांचे गुण, ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या लेकरांची हंगामी वसतिगृहाची यादी, सगळं आता शीटवर आणि ड्राइव्हच्या फोल्डरात असतं. शीट वेळेवर उघडली नाही तर एखाद्या तांड्यावरच्या लेकरांची नावं वसतिगृहाच्या यादीत जायची राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या हलल्या की ती लेकरं आईबापासोबत फडावर जातात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत त्यांची शाळा सुटते. म्हणून हा बिघाड मला कधीच किरकोळ वाटला नाही, आणि म्हणूनच सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

पडद्यावर नेमकं काय दिसतंय?

'उघडत नाही' या दोन शब्दांत निदान सहा वेगवेगळ्या अडचणी असतात. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी लक्षण ओळखा.

पांढरं पान, त्यावर 'यू नीड अ‍ॅक्सेस' आणि खाली 'रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस'चं बटण. सगळ्यात जास्त फोन याचेच.

'सॉरी, द फाइल यू हॅव रिक्वेस्टेड डज नॉट एक्झिस्ट'. म्हणजे गुगल म्हणतंय, अशी फाइलच नाही.

शीट उघडते, नावं दिसतात, पण रकान्यावर बोट ठेवलं तरी काही लिहिता येत नाही. वर 'व्ह्यू ओन्ली' लिहिलेलं असतं.

'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' अशी लाल खुणेची सूचना. ही दिसली की पुष्कळ जण घाबरून फोन हॅक झाला म्हणतात. तसं बहुधा नसतं.

नुसतं गोल फिरत राहतं.

आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे कुठलीच सूचना न येणं. शाळेनं माहिती भरली, सेव्ह केली, समाधानानं फोन ठेवला, आणि केंद्रात त्या शाळेची ओळ कोरीच. इथं शाळेला वाटतं केंद्र खोटं बोलतंय आणि केंद्राला वाटतं शाळा टाळाटाळ करतेय. या एका अडचणीवरून दोन चांगल्या माणसांत महिनाभर अबोला झालेला मी पाहिलाय.

आधी स्क्रीनशॉट, मग शेजारच्या शाळेला फोन

याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांत होतं. स्क्रीनशॉट काढा, आणि तीच लिंक शेजारच्या शाळेत उघडते का ते विचारा.

यानं अर्धं काम होतं. शेजारी उघडत असेल तर दोष तुमच्या फोनमध्ये, खात्यात किंवा रेंजमध्ये आहे. कुणालाच उघडत नसेल तर दोष शीटच्या मालकाकडं आहे, आणि तुम्ही फोन कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. इथं 'मालक' म्हणजे ज्याच्या जीमेल खात्यातून ती शीट तयार झाली तो. शीटचा विषय कुणाचा, आदेश कुणाचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. एखादी शीट तालुक्याच्या कामाची असली तरी ती एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर बनलेली असू शकते. हा फरक पुढं फार महत्त्वाचा आहे.

रेंज आणि घड्याळ

गोल फिरत असेल तर आधी रेंज. आमच्याकडं शाळेच्या ओट्यावर एक काडी असते आणि मारुतीच्या पाराजवळ तीन. शीट मोठी असेल, वीस-पंचवीस शाळांची पानं एकाच फाइलमध्ये असतील, तर कमजोर नेटवर ती अर्धवट उघडते आणि अडकते. अशा वेळी पुन्हा पुन्हा लिंक दाबू नका. पारापाशी जाऊन एकदाच उघडा. मालकांना माझी विनंती अशी की शीटमध्ये फोटो चिकटवू नका. फोटो फोल्डरात ठेवा आणि शीटमध्ये फक्त त्याची लिंक द्या.

'कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' दिसलं तर आधी फोनची तारीख बघा. उन्हाळी सुट्टीत कपाटात पडून राहिलेला टॅब जूनमध्ये बाहेर काढला, की बॅटरी पूर्ण उतरल्यानं त्याचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालावर गेलेलं असतं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडं एक प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि संपायची तारीख असते, आणि तुमचं यंत्र ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतं. घड्याळ 2015 दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालू करा. तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून जबरदस्तीनं आत जाऊ नका. दुसऱ्या नेटवर, मोबाइल डेटावर बघा.

लिंक पुरी आहे का? याच वर्षीची आहे का?

'फाइल डज नॉट एक्झिस्ट' दिसलं की ही तपासणी करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाताना कुणीतरी लिंक हातानं कॉपी करतं आणि शेवटची चार अक्षरं राहून जातात. किंवा लिंकला चिकटून, मध्ये जागा न सोडता, मराठी मजकूर लिहिलेला असतो, आणि तोही पत्त्याचाच भाग धरला जातो. मूळ संदेशच फॉरवर्ड करून घ्या, कॉपी नको.

दुसरी गोष्ट वर्षाची. ग्रुपवर 'गणवेश' शोधलं की तीन वर्षांच्या तीन लिंका सापडतात, आणि घाईत मागच्या वर्षीची उघडली जाते. आम्ही आता फाइलच्या नावातच शैक्षणिक वर्ष घालतो, आणि चालू लिंका ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये ठेवतो. संदेश वर सरकून जातात, डिस्क्रिप्शन जागेवर राहतं.

कोणत्या खात्यानं आत जाताय?

इथं जरा थांबा, कारण 'यू नीड अ‍ॅक्सेस'च्या बहुतेक तक्रारी मी याच ठिकाणी सोडवल्यात.

एका तांड्यावरच्या मुख्याध्यापिका बाईंचा प्रसंग सांगते. वसतिगृहाच्या यादीचा शेवटचा दिवस. बाई तीन वेळा 'रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस' दाबून थकल्या होत्या. मी शाळेत गेले, फोन हातात घेतला. त्या पांढऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते, तुम्ही कोणत्या ईमेलनं आत आला आहात ते सांगणारी. तिथं त्यांच्या मुलाचा ईमेल होता. मुलानं दिवाळीत येऊन आपले फोटो उतरवून घेण्यासाठी त्यांच्या फोनमध्ये आपलं खातं टाकलं होतं, आणि ते तसंच राहिलं. परवानगी दिलेली होती शाळेच्या खात्याला. शीटच्या मालकाकडं तीन विनंत्या गेल्या होत्या, तिन्ही एका अनोळखी पोराच्या नावानं, म्हणून त्यांनी त्या सोडून दिल्या. बाईंचं चुकलं नव्हतं, मालकाचंही चुकलं नव्हतं. फक्त ती एक ओळ कुणी वाचली नव्हती.

तर, ती ओळ वाचा. खातं चुकीचं असेल तर शीट्स किंवा ड्राइव्ह अ‍ॅप उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा, शाळेचं खातं निवडा, आणि मग लिंक पुन्हा उघडा. संगणकावर ब्राउझरमध्ये आधी ज्या खात्यानं लॉगिन झालं तेच पहिलं धरलं जातं. तिथं सोपा उपाय म्हणजे इनकॉग्निटो खिडकी उघडून फक्त शाळेच्या खात्यानं लॉगिन करणं. तिथं शीट उघडली तर दोष खात्यांच्या गर्दीचा होता हे पक्कं.

खातं बरोबर असूनही अडत असेल तर मालकाच्या यादीतला तुमचा ईमेल अक्षर अक्षर ताडून बघा. जीमेलमध्ये मधल्या टिंबानं किंवा लहान-मोठ्या लिपीनं फरक पडत नाही. पण 'झेडपीपीएस' आणि 'झेडपीएचएस' यानं पडतो, आणि इंग्रजी 'ओ' अक्षर नि शून्य यानंही पडतो. गावात प्राथमिक आणि हायस्कूल दोन्ही असेल तर परवानगी हटकून दुसऱ्याच शाळेला गेलेली असते.

भरलं, पण दिसत नाही

कोऱ्या ओळीचं कोडं. इथं गुन्हेगार बहुधा एकच असतो: फाइल गुगल शीट नसून एक्सेल असते.

ग्रुपवर कधी लिंक येते, कधी एक्सेलची फाइलच येते. फाइल आली की ती फोनमध्ये उतरते आणि फोनमधल्या ऑफिस अ‍ॅपमध्ये उघडते. तुम्ही जे भरता ते तुमच्या फोनमधल्या प्रतीत भरलं जातं. ती प्रत केंद्राकडं आपोआप जात नाही. एका ज्येष्ठ गुरुजींनी निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना चाळीस लेकरांची माहिती, जन्मतारखेसकट, रात्री बसून अशी भरली होती. सगळी बिनचूक. फक्त त्यांच्या फोनच्या 'डाउनलोड्स'मध्ये. सकाळी 'माहिती अप्राप्त' शाळांत आपल्या शाळेचं नाव बघून गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही ती फाइल फोनमधून शोधून काढली, मजकूर कॉपी करून शीटमध्ये टाकला, दहा मिनिटं लागली.

ओळखायचं कसं? फाइलच्या नावाशेजारी 'एक्सएलएसएक्स' दिसलं तर ती एक्सेल आहे. आणि नेट बंद केल्यावरही फाइल बिनतक्रार उघडत असेल तर ती तुमच्याच फोनमधली प्रत असण्याची शक्यता दाट. भरलेली माहिती वाया गेलेली नसते, म्हणून घाबरून पुन्हा भरू नका. आधी 'डाउनलोड्स' बघा.

माहिती मागवणाऱ्यांनाही सांगते: मागवायचीच असेल तर गुगल शीटची लिंक द्या किंवा गुगल फॉर्म द्या. एक्सेल ग्रुपवर टाकली की तालुक्यात जितक्या शाळा तितक्या प्रती होतात.

आता मालकाकडं: परवानगी

इथून पुढच्या तपासण्या ज्याची शीट आहे त्यानं करायच्या.

'शेअर' दाबलं की दोन गोष्टी दिसतात. वर ज्यांना नावानं परवानगी दिली त्यांची यादी, खाली 'जनरल अ‍ॅक्सेस'. खाली 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर फक्त वरच्या यादीतले लोक आत येतात. 'एनीवन विथ द लिंक' असेल तर लिंक मिळालेला कुणीही येतो. शिवाय 'व्ह्यूअर' फक्त बघू शकतो, 'एडिटर' बदलू शकतो. 'व्ह्यू ओन्ली' दिसणाऱ्या शाळेला चुकून 'व्ह्यूअर' केलेलं असतं, ते बदललं की झालं. राहिलेल्या विनंत्या मालकाच्या मेलमध्ये पडून असतात. शेवटच्या दिवशी मालकानं तासा-तासाला मेल बघितला तरी अर्धे फोन वाचतात.

आता जे सांगणार आहे त्यावर माझं अनेकांशी भांडण झालंय, आणि मी मागं हटणार नाही. शेवटच्या दिवशी वैतागून मालक 'एनीवन विथ द लिंक, एडिटर' करून टाकतो. सगळ्यांची लिंक उघडते, सगळे खूश होतात, आणि अडचण मिटली असं वाटतं. लेकरांची नावं असलेल्या शीटला हे कधीही करू नका.

त्या शीटमध्ये काय असतं ते डोळ्यांपुढं आणा. लेकराचं नाव, आधार क्रमांक, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाइल नंबर, जात, दिव्यांगत्व. वसतिगृहाच्या यादीत तर त्याहून जास्त: कोणत्या घरातली कर्ती माणसं कोणत्या महिन्यापासून गावात नाहीत, आणि कोणतं लेकरू म्हाताऱ्या आजीपाशी एकटं राहणार आहे. ही लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून गावच्या ग्रुपवर जायला दहा मिनिटं पुरतात. आपण घराला कुलूप लावून फडावर जाणाऱ्या माणसांची यादी चौकात लावल्यासारखं होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि बालकांच्या माहितीला वेगळं जपायला सांगितलंय. पण कायदा नसता तरी आपण हे करायला नको होतं.

दुसरा धोका माहिती बिघडण्याचा. अशाच सर्वांना खुल्या शीटमध्ये एकानं संगणकावर फक्त नावांचा रकाना निवडून 'सॉर्ट रेंज' केलं. नावं क्रमानं लागली, बाकी रकाने जागेवरच राहिले. सातवीतल्या मुलीपुढं पहिलीतल्या पोराची जन्मतारीख आली, आणि एकाचा आधार दुसऱ्याच्या नावावर. नशिबानं ते त्याच दिवशी लक्षात आलं. असं झालं तर हातानं दुरुस्त करत बसू नका. संगणकावर 'फाइल' मेनूत 'व्हर्जन हिस्ट्री' आहे. कुणी केव्हा काय बदललं ते तिथं दिसतं, आणि बिघडायच्या आधीची आवृत्ती 'रिस्टोअर' करता येते. मात्र त्यानंतर बाकी शाळांनी भरलेलं त्या आवृत्तीत नसतं, म्हणून आधी शीटची एक प्रत करून ठेवा आणि मगच मागं जा.

मग योग्य मार्ग कोणता? जूनमध्येच एका छोट्या फॉर्मवरून प्रत्येक शाळेचा चालू ईमेल घ्यायचा. त्यात 'कलेक्ट ईमेल अ‍ॅड्रेसेस' चालू ठेवून 'व्हेरिफाइड' निवडलं की ईमेल हातानं लिहायचा प्रश्नच येत नाही, म्हणून चूक होत नाही. त्या सगळ्या ईमेलांचा एक गुगल ग्रुप करायचा, आणि शीटची परवानगी त्या एका ग्रुपला द्यायची. बदलीनं शिक्षक गेले-आले की फक्त ग्रुपमध्ये ईमेल बदलायचा. पंचवीस शीटांत पंचवीस वेळा बदलायची गरज पडत नाही. प्रत्येक शाळेच्या पानाला 'प्रोटेक्ट शीट' लावून ते त्याच शाळेला बदलता येईल असं केलं तर सॉर्टचा अपघातही टळतो. याला एक दुपार जाते. मी ती दरवर्षी देते.

सगळ्यांचंच लिहिणं एकदम बंद पडलं तर

काल चालणारी शीट आज कुणालाच बदलता येत नाही, परवानग्या जशाच्या तशा आहेत. दोन कारणं असू शकतात.

एक, मालकाचं स्टोरेज भरलंय. वैयक्तिक गुगल खात्याला 15 जीबी फुकट मिळतात, आणि त्यात ड्राइव्ह, जीमेल, फोटो तिन्ही बसवायचं असतं. 1 जून 2021 पासून गुगल फोटोजमध्ये चढवलेले फोटोही त्यात धरले जातात, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. आपल्या शिक्षकांच्या फोनमध्ये किती ग्रुप आणि किती व्हिडिओ असतात ते मी वेगळं सांगायला नको. हद्द ओलांडली की नवीन फाइल बनत नाही, काही चढवता येत नाही, आणि त्या खात्यातल्या फाइली दुसऱ्यांनाही बदलता येत नाहीत. फोटो जोडायला सांगणारा फॉर्मही इथंच अडतो, कारण जोडलेली प्रत्येक फाइल फॉर्मच्या मालकाच्या जागेत जाते. उपाय मालकाच्याच हातात आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, ड्राइव्हमधले मोठे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन मग काढा, आणि ट्रॅश रिकामा करा. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दोन, गर्दी. एका शीटवर एका वेळी 100 जणच काम करू शकतात. तालुक्याच्या शंभरावर शाळांनी संध्याकाळी पाच वाजता एकच शीट उघडली की मागून येणाऱ्याला ती नुसती बघता येते. लोक म्हणतात 'सर्व्हर डाउन'. सर्व्हरचा काही दोष नसतो. केंद्रनिहाय वेगळ्या शीट करा किंवा फॉर्म द्या, फॉर्म भरणाऱ्यांना ही अट नाही. आणि शाळांनी नुसती बघायला उघडलेली शीट बंद करावी, तीही 100 मध्ये मोजली जाते.

मालकच गेला असेल तर

शीट मागच्या मुख्याध्यापकांच्या खात्यावर, ते बदलून दुसऱ्या तालुक्यात. किंवा निवृत्त. ही अडचण दर बदलीच्या हंगामानंतर येते.

ते संपर्कात असतील तर त्यांना विनंती करा. संगणकावर शेअरच्या यादीत नव्या माणसाच्या नावापुढं 'ट्रान्सफर ओनरशिप' असतं. नव्या माणसाला मेल जातो, त्यानं स्वीकारलं की मालकी बदलते. फाइल चुकून काढली गेली असेल तर ती 30 दिवस मालकाच्या ट्रॅशमध्ये असते, तोवर ती तिथून परत आणता येते, पण मालकालाच. आणि दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. डिसेंबर 2023 पासून हे सुरू झालंय. शाळेचं जुनं खातं 'असू दे पडून' म्हणू नका, महिन्यातून एकदा उघडा.

चार्ज देता-घेताना आपण कपाटाच्या चाव्या, शिक्का, जनरल रजिस्टर मोजून घेतो. आमच्या केंद्रात आता चार्ज यादीत आणखी दोन ओळी आहेत: शाळेच्या गुगल खात्याचा ईमेल, आणि रिकव्हरी मोबाइल नंबर बदलल्याची सही. पासवर्ड यादीत लिहायचा नाही, नव्या माणसानं समोर बसून बदलायचा.

इथं थांबा

शाळेच्या खात्याचा पासवर्ड हरवला आणि रिकव्हरी नंबर जुन्या मुख्याध्यापकांचा असेल, तर खातं ज्या फोनवर नेहमी चालायचं त्याच फोनवरून, शाळेत बसूनच 'अकाउंट रिकव्हरी' करून बघा. गुगल ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा विचारात घेतं. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर तिथंच अडून बसू नका. आधी जुन्या मुख्याध्यापकांना फोन लावा. तालुक्याच्या दुकानात जाऊन पैसे देऊन खातं 'उघडून' घेऊ नका आणि कुणालाही ओटीपी सांगू नका.

खातं संस्थेनं दिलेलं असेल आणि 'मालकाच्या संस्थेतल्यांनाच बघता येईल' अशा अर्थाची सूचना येत असेल, तर ती अट अ‍ॅडमिननं घातलेली असते. तुम्ही किंवा मी ती काढू शकत नाही. अ‍ॅडमिनला लेखी कळवा. अशा खात्यातून ट्रॅशही रिकामा झाला असेल तर घाई करा, अ‍ॅडमिनला त्यानंतर 25 दिवसच फाइल परत आणता येते.

यूडायस प्लसचं, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचं, लॉगिन अडलं तर ही सगळी पोस्ट बाजूला ठेवा. ते गुगलचं काम नाही. गटसाधन केंद्रातल्या एमआयएस को-ऑर्डिनेटरना शाळेचा यूडायस क्रमांक देऊन सांगा.

आणि लेकरांची यादी बाहेर गेल्याची शंका आली, तर त्या क्षणी दुरुस्ती थांबवा. शेअरच्या पानाचा आणि व्हर्जन हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट घ्या, लगेच 'रिस्ट्रिक्टेड' करा, आणि मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांना त्याच दिवशी लेखी कळवा. लाजेखातर दाबून ठेवू नका. कुणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 वर तक्रार, आधारबद्दलची शंका असेल तर 1947. मग यादीतल्या प्रत्येक पालकाला फोन लावा, ते कर्नाटकातल्या फडावर असले तरी. त्यांना इतकंच सांगा की शाळेचं नाव घेऊन, वसतिगृहाचं नाव घेऊन कुणी नंबर किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि आधी आम्हाला फोन करा.